माडाचं खत

बोरीवली, ६ एप्रिल १९५८

चि. धोंडूस सहदेवदादाचे अ. उ. आ.

इकडे जिवाला घोर लागला आहे. पाणीखात्याने बंगल्याबंगल्यावर हुकूम चिकटवला आहे, की पाऊस लागेपर्यंत बागेला नळाचं पाणी घालायचं नाही. नळी दिसली तर जोडणी तोडतील. आंघोळीचं, भांड्यांचं सांडपाणी तेवढं चालेल. चंद्रप्रकाशशेठ म्हणाले, हुकूम पाळायचा, पण बाईंचे गुलाब सुकले तर मोटारखान्यामागची खोली खाली कर. गिरणी सुटल्यापासून ही खोली बागेच्या राखणीवरच मिळाली आहे. मी परातीत बसून आंघोळ करतो आणि ते पाणी गुलाबांना घालतो, तरी ते माना टाकतात. मोटार मात्र रोज नळीने धुतात. हुकमात मोटारीचं नाव नाही.

काही सुचलं तर कळव. पडवीतला माझा कोपरा अजून आहे ना, तेही लिही. मुलांना जवळ घेऊन माझं नाव सांग.

तुझा दादा

कोचरे, १५ एप्रिल १९५८

ती. दादास धोंडूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून प्रेमा हसत सुटली. म्हणते, भावोजी परातीत बसतात, तर आता त्यांनाच कुंडीत लावा. दादा, गिरणीत जन्म गेला, तुला झाडं कुठली कळणार. आपण माडाच्या आळ्यात जाडं मीठ आणि खारी मासळी पुरतो, विसरलास? मीठ ओल धरून ठेवतं. वाडीतला बाळा मुंबईला येतोय, त्याच्याबरोबर खाऱ्या बांगड्यांचा डबा देतो. निम्मे खा, निम्मे पूर. पडवीचं सवडीने लिहीन.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

धोंडू

बोरीवली, ६ मे १९५८

चि. धोंडूस अ. उ. आ.

डबा पोचला. मी एकही बांगडा खाल्ला नाही, सगळे गुलाबांच्या मुळाशी पुरले, वर जाडं मीठ घातलं. आठवड्यात पानं कडेने जळाली आणि मग काड्या झाल्या. मांजरांनी बांगडे उकरून हिरवळीवर आणले. बाई नाकाला पदर लावून बाहेर आल्या. शेठनी पाहुण्यांना बोलावून दाखवलं, की हा आमचा माळी, गुलाबाचं कालवण करतो. सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. मग काड्या मलाच उपटायला लावल्या.

पुढच्या शनिवारी खोली सोडायची आहे. त्याच दिवशी वेंगुर्ल्याच्या बोटीवर बसतो. पडवी झाडून ठेव. मला फार जागा लागत नाही. तुझ्याशिवाय कोण आहे मला.

तुझा दादा

कोचरे, ११ मे १९५८

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

गुलाबाला मीठ घालतात का रे? मी माडाचं लिहिलं होतं. सगळी वाडी हसते आहे.

बोटीची घाई करू नकोस. आपल्या विहिरीने तळ दाखवला आहे. घरात नेम केला आहे, माणशी दोन कळशा आणि उरेल ते पोफळींना. नेम केला तेव्हा तू इथे नव्हतास, म्हणून तुला धरलेलं नाही. तुझ्या कळशा काढायच्या तर पोफळींच्या तोंडच्या काढाव्या लागतील, आणि पोफळीला सुपारी तरी लागते, असं प्रेमा म्हणते. पाऊस लागला की बघू. तेव्हा बोटी बंद असतात हे खरं.

आमच्यावरची माया आटू देऊ नये. डबा रिकामा झाला असेल तर धुऊन बाळाकडे दे.

धोंडू