डेल्मरची छाती

प्रिय क्लेटन,

पंचवीस वर्षांनी तुला ‘प्रिय’ लिहिलंय ते केवळ पत्राची रीत म्हणून. लगेच फुगून जाऊ नकोस.

फ्लोरिडातल्या तुझ्या बोटीचा फोटो पाहिला. तुझं पोट सुटलंय. इथे केंटकीत आपल्या खाणी बंद पडल्या, कंपनीच्या दवाखान्याला कुलूप आहे. डेल्मर स्लोन अजून आहे. नाकात प्राणवायूची नळी घालून ओसरीवर बसतो. बायको ताकात मक्याचा पाव चुरून देते, तेवढं गिळतानाही दमतो.

आठवतो ना? की कोळशाने माखलेले सगळे चेहरे तुला सारखेच? एकोणीस वर्षं खाणीत काढून तो आपल्या दवाखान्यात एक्स-रेला आला होता. मी त्याची छाती फिल्मच्या फळीला टेकवली, खांदे पुढे घ्यायला लावले आणि म्हटलं, “खोल श्वास घे, धरून ठेव.” तो हसला, “धरायला आधी आत तर यायला हवा, बाई!” तीनदा फिल्म काढावी लागली.

एक्स-रे वाचायला मला तूच शिकवलंस, माझ्यावर छाप पाडायची होती तेव्हा. आधी नाव आणि तारीख. मग मागच्या बरगड्या मोजायच्या, दहा दिसल्या तर श्वास पुरेसा. हृदय छातीच्या निम्म्याहून रुंद नको. डावं-उजवं ताडून बघायचं. डेल्मरच्या दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके होते, कोळशाच्या धुळीचे. नवशिक्यालाही दिसले असते. तू हातातला डोनट खाली न ठेवता लिहिलंस, ‘फुप्फुसं स्वच्छ.’ वर म्हणालास, “सिगारेट सोड म्हणावं.” त्याने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. मी ठिपक्यांवर बोट ठेवलं, तर म्हणालास, “व्हर्ना, तू फोटो काढ. वाचायचं मी बघतो.” म्हणे डॉक्टर! कंपनीच्या फाटकावरचा कुत्रासुद्धा आधी हुंगायचा, मग भुंकायचा. तुझ्या त्या कागदावर डेल्मर आणखी अकरा वर्षं खाली उतरत राहिला.

गुरुवारी त्याच्या नुकसानभरपाईच्या दाव्याची सुनावणी आहे. दवाखाना बंद होताना कचऱ्यात निघालेल्या फिल्म मी घरी आणल्या होत्या. त्या वकिलाला दिल्यात. तुलाही समन्स येईल, ते माझ्याकडून आधी कळावं म्हणून हे पत्र. न्यायाधीश मला विचारतील, तुम्हाला तेव्हा कळलं होतं का? मी ‘हो’ म्हणणार आहे. कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या माणसाला श्वास धरायला सांगितलं. डेल्मर समोरच बसलेला असेल. त्याला अजून वाटतं, मला काहीच माहीत नव्हतं.

एकेकाळची तुझीच,
व्हर्ना