खिडकीतल्या एकवीस रोपांची सोय

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, शिवणकाम करते. डोकं ठिकाणावर आहे, कुणी भरीस घातलेलं नाही. उद्या सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, म्हणून हे लिहिते. नवरा म्हणतो, "अगं, खडे तर काढायचेत. मृत्युपत्र कसलं लिहितेस?" त्याचं बरं आहे, त्याला भूल न देताही झोप लागते.

१. घर आणि बँकेतली ठेव नवऱ्याला. शिलाई मशीन पुतणीला. पट्टा सैल आहे, तो आधी बदलून घ्यावा.

(उठून ट्रे फिरवून आले. रोपं सारखी काचेकडे झुकतात.)

२. स्वयंपाकघराच्या खिडकीत टोमॅटोची एकवीस रोपं आहेत. बी आईचं. ती गेल्यावर दरवर्षी मी ते धरत आले. यंदा घाईघाईत सगळंच पेरलं, डबीत एक दाणा उरला नाही. ही रोपं गेली की आईचं वाण संपलं.

३. रोपं नवऱ्याकडे ठेवू नयेत. तो मायेने वरून मगभर पाणी ओततो आणि देठ बुडाशी कुजतात. पाणी खालून, ट्रेमध्ये द्यावं.

४. रोपं धाकट्या बहिणीला. हो, तिलाच. गेल्या वर्षी दिलेली बारा तिने घरातून काढून थेट भर उन्हात लावली. दोन दिवसांत करपली. मी म्हणाले, "तुझ्या हाती आईचं काही टिकायचं नाही." तेव्हापासून अबोला.

एवढं लिहिलं आणि राहवेना, तिला फोन केला. ती म्हणाली, "ताई, उन्हाची सवय लावायची असते हे तू सांगितलंच नव्हतंस."

नव्हतं सांगितलं. आईने ते मला एकटीला शिकवलं होतं, आणि ते माझ्या एकटीकडेच राहावं असं मला वाटत होतं.

५. म्हणून लिहून देते. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं थोडं ऊन, आठ-दहा दिवस. एका पेल्यात दोन उगवली असतील तर एक कात्रीने कापावं. उपटलं तर दुसऱ्याची मुळं हलतात. माझा हात कधी धजला नाही.

६. "सगळं लिहून टाकू नकोस," ती म्हणाली. "उरलेलं समोर बसून सांग. पाचच्या बसने निघते." हे कलम कोरं सोडते.

ज्याला मिळतं त्याने साक्ष देऊ नये, म्हणून नवऱ्याला बाजूला बसवलं.

साक्षीदार: १. शेजारची परिचारिका (सही) २. कोपऱ्यावरचा चावीवाला (सही)
लिहून देणार: (सही)
स्थळ: स्वयंपाकघर, खिडकीजवळ
दिनांक: ९ मार्च, दुपारी सव्वातीन