सही माझीच लागते

मंगळवार, संध्याकाळ

सोनोग्राफीत बाळाचा डावा हात कोपरापर्यंतच दिसला. माझ्यासारखाच. डॉक्टरांनी गर्भपाताचा कागद माझ्याऐवजी ह्यांच्या पुढ्यात ठेवला.

येताना जीपमध्ये सासूबाई म्हणाल्या, "तुझ्यासारखंच व्हनार गं. पाडून टाक."

घरी आल्यावर त्याच म्हणतात, "उद्या टोमॅटोची बांधणी हाय. तू लवकर ये. तुझ्यावानी झटझट सुतळी कुनाला बांधता येत न्हाई." एक हात आणि दात, एवढ्यावर बांधते मी.

कायद्यानं सही फक्त माझी लागते. दुसरी एखादी करील, तिचा तो हक्क. मी करणार नाही. उद्या वावरातच सांगते त्यांना: होऊ दे माझ्यासारखं. सुतळी मी शिकवीन.