बिस्किटावरची शपथ

आदरणीय मामा,

भाचा तिलेक याचा सलाम. तुम्ही, मामी, मुलं आणि जनावरं खुशाल ना? (शहरात तुमच्याकडे जनावरं नाहीत हे मला माहीत आहे, पण ती विचारली नाहीत तर आई पत्र पुन्हा लिहायला लावते.)

माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. गावपरिषदेच्या निवडणुकीत एका बाजूला माझ्या शाळेतल्या बुरुलकान बाई होत्या, दुसऱ्या बाजूला जोल्चुबेक, ज्याने नदीवरचा पूल फक्त कागदावर बांधला. (मुलं अजून गाढवावरून नदी ओलांडतात. गाढव मध्येच थांबलं की पहिला तास बुडतो.) जोल्चुबेकचा माणूस सातार घरोघरी कोळशाची दोन-दोन पोती टाकून गेला. मी तोंड वाकडं केलं तर आई म्हणाली, "अख्खा पूल गिळला मेल्याने, त्यातलं एवढंच परत आलंय. थंडीत तुझी तत्त्वं जाळू का?"

मग सातारने रीतीप्रमाणे नान हातात धरून जोल्चुबेकलाच मत देण्याची शपथ घ्यायला सांगितली. पण कोळसा घेणाऱ्या एकाही बाईने असल्या कामाला घरचा नान दिला नाही. शेवटी त्याने गाडीतले बिस्किटांचे पुडे काढले आणि सगळ्या गावाने बिस्किटावर शपथ घेतली.

मतदानाच्या आदल्या दिवशी मुल्लांनी निकाल दिला, "नान खाली पडला तर आपण उचलून कपाळाला लावतो. बिस्कीट पडलं तर कोंबडी खाते. कसली आलीय शपथ!" गाव मोकळा झाला. मी मात्र रिकामा पुडा जपून ठेवला होता. मागे बारीक अक्षरांत सगळ्यात आधी लिहिलं होतं, गव्हाचं पीठ. (वाचायला मला बुरुलकान बाईंनीच शिकवलं.) गहू आला म्हणजे नानच आला. मी जोल्चुबेकला मत दिलं.

दोघांना सारखीच मतं पडली! येत्या रविवारी फेरमतदान आहे. बाई म्हणतात, "एक कुणीतरी घाबरलं, बिचारं." म्हणताना माझ्याकडे मुळीच बघत नाहीत, म्हणजे त्यांना कळलं आहे.

तुमचा आज्ञाधारक,
तिलेक

ता. क. पुडा तुमच्याच कारखान्यातला आहे. त्यात गहू नसून निव्वळ मक्याचं पीठ असतं, असं शिक्क्यानिशी लिहून पाठवाल का? हे खोटं आहे, पण त्याशिवाय मला प्रामाणिकपणे मत देता येणार नाही. शनिवारपर्यंत मिळावं.

आणखी ता. क. सोबत आईने वाळवलेल्या दह्याचे गोळे पाठवले आहेत. ते खाल्ल्याने तुमच्यावर कसलंही बंधन येत नाही, असं ती म्हणते. माझी खात्री नाही. आधी कागद लिहा, मग खा.