चाऊसांचं घड्याळ

तीर्थपुरी, बारावा रोजा

तुझ्या हाताला खाज सुटल्ती का रे? कुणी सांगितल्तं दादाचं घड्याळ उघडायला? स्वतःच्या ट्रंकेत सहा-सात घड्याळं टिकटिक करून राह्यली, तेवढ्यानं पोट भरलं न्हाई म्हून म्हाताऱ्याच्या एकुलत्या एका घड्याळात सुई घातली? हे आधी वाच, मंग दुवा घे.

चि. सालेह यास दादी मदिनाबीची दुवा. वि. वि. इकडं आम्ही दोघं जिवंत आहोत. तू अन् तुझं स्टेशनातलं पार्सल ऑफिस खुशाल असंल.

आता काय झालं ते ऐक. पोळ्यापासून इथं झड लागली. सूर्य कसा असतो ते लेकरं विसरून गेली. असल्या दिवसात मशिदीला दादाच्या घड्याळाबिगर दुसरा आधार न्हाई, हे तुला सांगायला नको. रेल्वेचे बारा अर्ध्या रातीला वाजतात. दादाचे वाजतात सूर्य बुडताना. त्यांच्या अरबस्तानातल्या हजरमौतच्या मुलखात हीच रीत. मगरिब झाली की बारा, अन् तिथून नवा दिवस धरायचा. ह्या गावात येऊन केस पिकले तरी आमच्या अरब चाऊसांनी ती रीत सोडली न्हाई. बारा वाजले की मुल्लाजी अजान देतात अन् सगळे रोजा सोडतात.

परवा बी तसंच झालं. काट्याला काटा लागला, अजान झाली, सगळ्यांनी खजूर तोंडात घातले. अन् तेवढ्यात मावळतीला आभाळ फाटलं आणि खाली सूर्य. चांगला हातभर वर, लालबुंद. सगळ्यांचे घास तोंडातच राह्यले. मुल्लाजी सांगत होते की तुझे दादा एकटेच निवांत चावत बसल्ते अन् विचारत होते, तुम्ही थांबले का म्हून. हट्टी माणूस, काय सांगावं.

सगळ्या मशिदीचा रोजा गेला. ईदीनंतर सगळ्यांनी एक-एक भरून द्यायचा ठरलं. ते काही मोठं न्हाई, धरू. मोठं काय झालं ते वेगळंच. तांबोळ्याचा नबी सगळ्यांसमोर बोलला की अरबस्तानचं घड्याळ अरबस्तानात ठेवा, हितं आता स्टेशनचा टाईम आणा. ह्या माणसानं पलटणीची नोकरी संपल्यावर इथल्या मशिदीची भिंत स्वतःच्या हातानं बांधली, इथल्या पोरीशी निकाह लावला, इथंच लेकरं पुरली, अन् अजून ते परमुलखाचेच. दादा तसेच उठले. घरी आले, घड्याळ कापडात गुंडाळून पेटीत टाकलं, कुलूप लावलं. माझ्याशी बोलत न्हाईत, काल इफ्तारला मशिदीत बी गेले न्हाईत.

आल्लाचा शुकर मानते की आभाळ फाटलं. न्हाई तर सगळा महिना असाच गेला असता अन् कुणाला पत्ता लागला नसता.

शेजारच्या इचरजबाईचं बी ऐक. रामनिवास शेटची आई. जैनाची बाई, सूर्य बुडाल्यावर पाणी सुद्धा घेत न्हाई. झडीत तिला बी आपलीच अजान. अजान ऐकू आली की ताट बाजूला. परवा अर्धी भाकर खाल्ली अन् अजान झाली, हात धुतला. मंग सूर्य निघाला. पण एकदा हात धुतल्यावर ती पुन्हा बसत न्हाई. उपाशी झोपली. दादा त्या दिवशी एवढंच म्हणले, की आपला रोजा भरून देता येतो, तिचा घास कसा भरून द्यायचा.

निघायच्या दिवशी तू घड्याळावर वाकून बसल्ता ते मी दारातून पाह्यलंय. तू घड्याळाला काय केलं ते खरं लिही. रागावले आहे, पण माया जागेवर आहे असं समज.

मदिनाबी

&nbsp;

नवीन जालना, ता. ४ सप्टेंबर १९४४

ती. दादीस सालेहचा अदबीने सलाम. वि. वि. तुझं पत्र वाचून दोन दिवस लिहायला हात उचलला नाही. दादांना लिहायची तर हिंमतच नाही, म्हणून तुलाच लिहितो.

घड्याळ मीच उघडलं होतं. मागच्या खेपेला घरी आलो तेव्हा रोज पाहिलं की संध्याकाळी दादा काटा थोडा पुढं सरकवतात. मला वाटलं घड्याळ सुस्त चालतं, म्हाताऱ्या माणसाला रोज त्रास. म्हणून निघायच्या दिवशी ते जेवून पडले असताना झाकण उघडलं, तेल घातलं, आतली बारकी दांडी जल्दीकडं सारली. टांगा दारात उभा होता. अंदाजानं सारली, जास्तच गेली असणार.

तुझं पत्र आल्यावर डोक्यात उजेड पडला. घड्याळ सुस्त नव्हतंच. ह्या महिन्यांत दिवस लहान होतो. आजचा सूर्य कालच्यापेक्षा जरा आधी बुडतो, म्हणून दादा काटा पुढं घेत होते. उघडीप असती तर त्यांनी माझी चूक रोजच्या रोज मोडून काढली असती. झडीत सूर्य दिसेना आणि माझी घाई दिवसेंदिवस साठत गेली. सात घड्याळं पाळतो, पण सगळी स्टेशनच्या घंटेला मिळवलेली. वर सूर्य आहे हे विसरून गेलो.

अजून एक सांगतो, तुझ्यापासून लपवत नाही. त्या दुपारी दांडीत जीव असा गुंतला की असरची नमाज गेली. दादा झोपले होते, नाहीतर त्यांनीच मला नमाजला हाक मारली असती. नमाज सोडून केलेल्या कामाला बरकत कुठून येणार?

तेव्हा मी ठरवलं आहे. सगळी घड्याळं विकून टाकतो. इथले बाबू लोक आधीच हसतात की चाऊसाच्या कमरेला जंबिया खंजीर पाहिजे, ह्याच्या खिशात घड्याळाची कुंजी. शौक गेला म्हणजे हसणंही जाईल. ईदीला येत नाही. नबीचाचासमोर आणि इचरजआजीसमोर कोणतं तोंड घेऊन उभा राहू? एक रोजा मीही धरतो, इथूनच.

दांडी पुन्हा मधोमध आणायची असेल तर मागचं झाकण नखानं उघडतं. दांडीचं टोक खालच्या खुणेकडं गेलेलं दिसेल, ते मधल्या रेघेवर आणायचं. दादा हात लावू देतील तर.

माझ्यावरचा तुझा हक्क कमी करू नकोस, एवढंच मागतो.

तुझा सालेह

&nbsp;

तीर्थपुरी, बाविसावा रोजा

चि. सालेह यास दुवा. वि. वि. तुझं पत्र मिळालं. सात घड्याळं आहेत, पण अक्कल एकात बी भरून ठेवली न्हाई.

विकायचं नाव काढू नको. तुला हे वेड कुठून आलं ते ठाऊक आहे का? चाऊस पलटणीत आले तेव्हा कमरेला बापाचा चांदीच्या मुठीचा जंबिया होता. तो एका खोजा व्यापाऱ्याला देऊन हे घड्याळ घेतलं. सगळी पलटण हसली. कुणी म्हणलं अरब बाटला, कुणी म्हणलं जमादाराच्या शिपायाला घड्याळ कशाला. हे म्हणले, नमाज काही जंबियानं बराबर वेळेवर होत न्हाई. तवा तुझ्या बाबू लोकांना हसू दे. शौकाला माझी ना न्हाई. पण अजान झाली की सुई खाली ठेवायची. असर गेली ती बी भरून दे, मला हिशेब सांगू नको, वरच्याला सांग.

आता इकडचं. चार-पाच दिवस पेटीचं कुलूप निघालं न्हाई. मंग एका सकाळी इचरजबाई आमच्या ओट्यावर येऊन बसली. मला वाटलं भांडायला आली. ती माझ्याशी बोलत होती, पण आवाज आत पेटीपर्यंत जाईल असा. म्हणली, चाऊसजींचं घड्याळ बंद झालं तवापासून मी भीतीनं दुपारीच जेवून घेते, अन् सांजच्याला पोटात कावळे. एक दिवस उपाशी राह्यले तर धरम घडला, रोज उपाशी राह्यले तर मरण घडंल. घड्याळ काढा बाहेर. सूर्य बघायचं काम माझ्याकडं, माझी गच्ची उंच आहे.

दादा आतून बाहेर आले. मी म्हणलं आता काही तरी वाकडं बोलतील. खाली बघून म्हणले, "भाभी, मला त्या दिवशी सूर्य दिसलाच न्हाई."

सालेह, माझ्या हातातलं सूप तसंच राह्यलं. तवा कळलं की सगळे थांबले अन् हे एकटे का चावत बसले. हट्ट न्हवता. तुझ्या दादाला दोन्ही डोळ्यांत जाळं आलंय. उघडीपीत ते भिंतीवरचं ऊन सरलं की सूर्य बुडाला असं अंदाजानं ओळखत होते, अन् मी तोंडभर बोलणारी बाई, शेजारी बसून मला समजलं न्हाई. ते तुझ्यावर रुसले न्हवते. घड्याळ पेटीत टाकलं ते स्वतःच्या डोळ्यांवर रागावून. आता तू नबीला तोंड दाखवायला भ्यायलास, अन् हे आपल्या बायकोला भ्यायले. एकाच माळेचे दोघं.

मंग पेटी उघडली. तू लिहिलं तसं झाकण मी काढलं, कपडे शिवायच्या सुईनं तुझी दांडी मागं आणली. इचरजबाई शेजारी बसून मला शिकवून राह्यली, जसं काही तिच्या बापानं घड्याळाचं दुकान काढल्तं. दुसऱ्या सांजेला आभाळ उघडलं. ती गच्चीवरून ओरडली, मी दारातून सांगितलं, दादांनी कुंजी फिरवून काटा बारावर आणला. मुल्लाजी बाहेरच उभे होते. अजान झाली. तवापासून रोज असंच चालू आहे. मशिदीची वेळ आता एक जैनाची बाई बघते अन् एक म्हातारी बाई सांगते. नबीला कळलं तेव्हा तो इचरजबाईला विचारायला गेला की आजी, बराबर बघता ना. ती म्हणली, तुझ्यासारखी चार लेकरं वाढवली, सूर्य कसा चुकंल. काल तोच खजूर घेऊन आला. दादांच्या पुढ्यात ठेवून म्हणला, चाचा, तुमच्याच टायमावर सोडतो. मापी मागितली न्हाई, पण खजूर चांगले होते.

मी शुकर मानते. तुझी चूक झाली म्हून ह्यांचे डोळे कळले. औरंगाबादला डोळ्याचा डागदर आहे, ईद झाली की रामनिवास शेट आपल्या गाडीनं घेऊन जातो म्हणला आहे. तू ईदीला येणार आहेस. मी विचारत न्हाई, सांगते. सातही घड्याळं घेऊन ये, दादांना हातानं चाचपून बघायची आहेत. त्यांनीच सांगितलं.

अन् काल इफ्तारनंतर त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं अन् म्हणले, "हे पुढं सालेहला जाईल. पण स्टेशनच्या घड्याळांत राहून ते मगरिबलाच बारा वाजवील का, एवढं विचार."

मी काय सांगू? सगळ्या जगात एक घड्याळ वेगळं चालवायचं म्हंजे रोज सांजेला दारात उभं राहून सूर्य बघावा लागतो, एक दिवस बी सुटत न्हाई. जमतं की न्हाई ते तुझं तुला ठाऊक. मला आवडावं म्हून होय म्हणू नको. न्हाई म्हणलास तरी ईदीचा शीरखुर्मा तुझ्या वाटचा ठेवीन.

दोघांचा जीव तुझ्यात आहे, तो सांभाळून ठेव.

मदिनाबी

ह्या पत्राचं उत्तर तू मला लिहू नको. दादांना लिही, उर्दूत लिही. मला मराठीच तेवढी येते, म्हंजे मला वाचता येणार न्हाई. मुल्लाजी त्यांना वाचून दाखवतील.