उपासाची गोळी

शेणवा, नोव्हेंबर २००५

प्रिय अक्का,

तुझं पत्र मिळालं. रविनाचा पहिला दात पडला आणि तो कौलावर टाकायला ती भावोजींच्या खांद्यावर चढली, हे वाचून मी आधी हसले, मग रडले. सासूबाईंनी कारण विचारलं. पोरीचा दात पडला म्हटल्यावर त्याही पदर डोळ्यांना लावून बसल्या. आमच्या घरी रडायला एवढंसं पुरतं.

इकडची बातमी अशी, की मुंबईच्या डॉक्टरांनी आपल्या भागात फिटच्या रोग्यांचा जो अभ्यास चालवला होता, तो पुरा झाला. निम्म्या रोग्यांना नुसत्या गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि वर घरी येऊन विचारपूस. कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. जन्मात मला कधी लॉटरी लागली नाही, पण ही चिठ्ठी बरोबर लागली. भूमिका नावाची नर्सबाई घरी यायला लागली.

तुला माहीतच आहे, माझ्या फिट नेमक्या नवरात्रात यायच्या. बाया म्हणायच्या, शकूच्या अंगात देवी येते. त्या माझी ओटी भरायच्या, पाया पडायच्या, आणि मी आपली जीभ चावून पडलेली. रविना रांगत होती तेव्हा अशीच तिला घेऊन चुलीपाशी कोसळले. सासूबाईंनी लेकराला ओढलं म्हणून ते वाचलं. मग तू तिला सिद्धगडाच्या पायथ्याशी तुझ्या घरी नेलंस. मीच ने म्हटलं होतं, तरी तुझ्यावर किती दिवस धुसफुसत होते.

गेल्या वर्षी नवरात्रात भूमिका आली, तर गोळ्या जशाच्या तशा. सासूबाईंनी ठणकावून सांगितलं, "उपास हाय तिचा. गोळी घेतली तर मोडंल ना." भूमिका उरलेल्या गोळ्या मोजत बसली. देवीबिवी काही नाही, म्हणाली, उपासाला गोळी सुटते म्हणून फिट येते. संध्याकाळी आरती झाल्यावर सासूबाईंनी गोळी घटापुढं ठेवली, हात जोडले आणि ती माझ्या तळहातावर दिली. "आता परसाद झाला. गिळ."

तेव्हापासून फिट नाही. यंदा नवरात्रात बाया वाट बघून बघून घरी गेल्या. परवा डॉक्टरांनी शाळेत सगळ्यांना बोलावून निकाल सांगितला. घरी विचारपूस झालेल्यांच्या फिट पुष्कळ कमी झाल्या आहेत. उपासाला गोळी सोडणारी मी एकटी नव्हते. आता दुसऱ्या गटाच्याही घरी नर्स जाणार आहे. मी डॉक्टरांना एवढंच विचारलं, की पोरीला घरी आणू का. आणा म्हणाले, फक्त गोळी सोडू नका. अक्का, किती हलकं वाटलं म्हणून सांगू. वाटेत शेजारणीचं बाळ मागून घेतलं आणि कडेवर घेऊन घरापर्यंत आले.

रविना तुला आई म्हणते आणि मला शेणव्याची मावशी. म्हणू दे, नावाची मला घाई नाही. पण येत्या रविवारी मी तिला न्यायला येते आहे. तुझं घर रिकामं होईल, ते कळतं मला, आणि तरीही येते आहे. तेवढं तिला आधी तू सांग. माझ्या सांगण्यानं ती यायची नाही, तू सांगितलंस तर येईल.

तुझीच,
शकू