डावीकडची बासरी

टोकियो, ३ फेब्रुवारी १९९२

ती. किनुए आत्यास,

चिहारुचा सा. न. आणि सोबत पुडीतून मूठभर भाजलेलं सोयाबीन. आज राक्षस हाकलायचा सण, म्हणून वसतिगृहात आम्ही मुलींनी राक्षस बाहेर, राक्षस बाहेर असं ओरडत दाणे उधळले. त्यातले निम्मे देखरेखवाल्या बाईंच्या डोक्यावर पडले. त्या मुळीच हसल्या नाहीत.

आत्या, तुझी मदत हवी आहे. आमच्या कंपनीचा नवा व्हिडिओ गेम म्हणजे तळ्याकाठचं एक घर, आणि घरात मेलेली मालकीण फिरते. तिच्या लांब ओसरीचं संगीत माझ्या वाट्याला आलंय. पहिल्या फेरीला अंगावर काटा येतो, दुसरीला कमी, आणि तिसऱ्या फेरीला ऑफिसातली मुलं ते ऐकत खुशाल बटाट्याचे काप खातात. सिनेमातलं संगीत एकदा वाजतं आणि संपतं. इथे खेळणारा ओसरीत तासभर उभा राहिला तर माझी धून तासभर गोल गोल फिरणार. आमचे ध्वनिविभागाचे प्रमुख शिराइवा-सान म्हणाले की लिफ्टमध्ये लावायला छान आहे. काम २८ तारखेला द्यायचंय.

तू तीस वर्षं स्टुडिओत भुताच्या सिनेमांना ऑर्गन वाजवलास. माणसं घाबरतात कशी, ते सांग. कॅसेट पाठवतेय, हेडफोन लावून ऐक. बासरी म्हणजे ती मेलेली बाई. तिला मी दोन्ही कानांच्या बरोबर मध्ये बसवलंय.

बाबा अजून पाहुण्यांना सांगतात की मुलगी कचेरीत आहे. आशीर्वाद दे, आणि लोणचं उरलं असेल तर तेही.

तुझी,
चिहारु


क्योतो, ६ फेब्रुवारी

चि. चिहारु हीस किनुएचे आशीर्वाद, विशेष.

तुझ्या सोयाबीनचं टपालात पीठ झालं. चमच्याने खाल्लं. त्याच चमच्याने रविवारी तुझ्याशी बोलेन. तू फोन कर, मी रिसिव्हरवर ठोकते. एक ठोका हो, दोन ठोके नाही. डॉक्टरांनी गाठीबरोबर माझा आवाजही कापून नेला त्याला दोन वर्षं झाली. शेजारणी म्हणतात की मी आता फार समजूतदार झालेय. पण शिकवणं आणि शिव्या चमच्यात मावत नाहीत, म्हणून हे पत्र.

तू सा आणि तीव्र मध्यम एकत्र धरून ठेवलेत. अगं, ते स्वस्तातलं भूत. प्रत्येक नवशिक्या तेच करतो. राहू दे, पण त्याच्या जिवावर बसू नकोस. भीती सुरात नसते, वाट पाहण्यात असते. वरच्या नी-ला सा-कडे जायची केवढी घाई असते! आमचे दिग्दर्शक मी नी-वर पोचले की हात वर करायचे आणि मी बोटं थांबवायची. सगळं थिएटर श्वास धरून बसायचं. शेवटी मला सा मिळायचा. तुला शेवटच नाही, मग तू सा देऊच नकोस.

दुसरं. तुझ्या यंत्रात आठ आवाज आहेत ना? दर फेरीला त्यातला एक काढून घे. काय गेलं ते खेळणाऱ्याला कळणार नाही, काहीतरी गेलं एवढं मात्र नक्की कळेल.

लोणचं पाठवलंय. सगळं एका दिवसात संपवू नकोस.

आशीर्वाद आहेतच,
किनुए आत्या


टोकियो, १२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझ्या पायांवर डोकं! खेळ तपासणारी एक मुलगी आहे, दगडासारखी. तिने पाचव्या फेरीला हातातलं खेळाचं यंत्र खाली ठेवलं आणि सांगितलं की त्या ओसरीत मी एकटी जाणार नाही. मी आनंदाने तिला माझं संत्रं देऊन टाकलं. तिसऱ्या फेरीला मंद्र सूर काढलाय, चौथ्याला घंटा. बासरी नी-वर येते आणि थांबते. नवी कॅसेट सोबत आहे.

एक फालतू गोष्ट. सोमवारी सकाळी उठले तर डावा कान बंद. पोहून आल्यावर पाणी राहतं ना, तसं. आणि आत किटलीसारखी शिट्टी चालू आहे, थांबतच नाही. इथे सर्दीची साथ आहे, त्यातलंच असेल. चौदा-चौदा तास हेडफोन लावल्यावर कान रुसणारच. २८ तारीख झाली की दाखवेन. बाबांना कळवू नकोस, आणि ऑफिसात तर मी बोललेच नाही. कान धड नसलेल्या मुलीला ध्वनिविभागात कोण ठेवेल? खेळाबरोबरची माहितीपुस्तकं लिहायला बसवतील.

लोणचं एका दिवसात संपलं. राग मानू नकोस.

चिहारु


क्योतो, १४ फेब्रुवारी

चि. चिहारु, शाब्बास गं माझी राणी!

तुझी कॅसेट ऐकली आणि खरं सांगते, मान वळवून मागे बघितलं. मागे फक्त तांदळाचा डबा होता. तुझी बासरी! पहिल्या कॅसेटमध्ये ती माझ्या दोन भुवयांच्या मध्ये होती. आता ती डावीकडे सरकून माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली आहे. सगळे आवाज आपापल्या जागी आणि ही एकटीच बाजूला, जशी काही कुणी तिला घरात घेतलेलंच नाही. तीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. येणार कुठून, आमच्या वेळी पडद्यामागे एकच भोंगा. हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. हेवा वाटला बघ.

कानावर गरम मिठाची पुरचुंडी धर. आणि डोकं न पुसता झोपत जाऊ नकोस, लहानपणापासूनची खोड आहे तुझी.

तुझ्या यशाने फुगलेली,
आत्या


टोकियो, १७ फेब्रुवारी

आत्या,

मी बासरी हलवलेली नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला वाटलं, म्हातारी काहीतरी भलतंच ऐकतेय. मी ती मध्येच ठेवली होती गं. नेहमीप्रमाणे डोळे मिटून आवाज डावी-उजवीकडे सरकवायचं बटण फिरवलं आणि बासरी कपाळाच्या मधोमध आली तिथे थांबले. पत्र वाचून कामाच्या खोलीत गेले आणि पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून बटणाकडे बघितलं. ते डावीकडे, जवळजवळ टोकाला होतं. मग मी ते आकड्याप्रमाणे मध्ये आणलं आणि ऐकलं. बासरी सगळीच्या सगळी उजव्या कानात. डावीकडे नुसती शिट्टी. हेडफोन उलटे घातले. तरीही उजवीकडेच.

म्हणजे मला ऐकूच येत नाही, आत्या. डाव्या कानाने जवळजवळ काहीच नाही.

सगळ्यात वाईट काय सांगू? शिराइवा-सानांनी आज बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की डावीकडची बासरी ही या वर्षातली सगळ्यात चांगली कल्पना आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून आभार मानले.

मला फार भीती वाटतेय. रस्ता ओलांडताना गाडी कुठून येतेय ते कळत नाही. कुणी हाक मारली की मी चुकीच्या बाजूला वळते आणि हसून वेळ मारून नेते.

चिहारु


क्योतो, १८ फेब्रुवारी (जलद टपाल)

चिहारु,

आशीर्वाद वगैरे नंतर. आधी नीट वाच.

आमच्या स्टुडिओत ओकिमुरा नावाचे ध्वनिमुद्रक होते. एका सकाळी त्यांचा कान असाच बंद झाला, शिट्टीसकट. मळ असेल म्हणून ते महिनाभर कानात तेल घालत बसले. शेवटी डॉक्टरांकडे गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले की दोन आठवड्यांच्या आत आला असता तर काही करता आलं असतं. तो कान परत आला नाही. आमच्या सिनेमात पुढे सगळे आवाज बेताल होत गेले आणि आम्ही त्यांच्या पाठीमागे हसलो. मीही हसले.

तुझा कान गेला १० तारखेला, सोमवारी. दोन आठवडे म्हणजे येता सोमवार, २४. उद्याच्या उद्या मोठ्या इस्पितळात जा. बटण, बासरी, शिराइवा सगळं चुलीत घाल.

आणि मी! तुझं दुखणं कानांनी ऐकलं आणि त्यालाच वाहवा दिली. माझी अक्कल शेण खायला गेली होती. मला माफ कर, पण आधी जा.

आत्या


टोकियो, १९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

रागावू नकोस. आज गेले नाही. डॉक्टर भरती व्हायला सांगतील, आणि माझ्या दोन धुना बाकी आहेत. त्या दुसऱ्या कुणी केल्या तर पुढच्या खेळाला मला कोण विचारणार? उजव्या कानाने काम चालतंय. बटणाचे आकडे आता बघूनच लावते.

खरं कारण हे नाही. जोपर्यंत मी जात नाही तोपर्यंत तो नुसता बंद झालेला कान आहे. गेले की डॉक्टर काहीतरी म्हणतील, आणि मग ते खरं होईल.

तूही मला सांगू नकोस. घसा बसला म्हणून तू किती दिवस आल्याचा रस पीत होतीस? पाच महिने. बाबा तुझ्या पाया पडत होते तपासून घे म्हणून. तू त्यांना दाराबाहेर काढलंस.

हे लिहायला नको होतं. पण खोडत नाही.

चिहारु


क्योतो, २० फेब्रुवारी (जलद टपाल)

चि. चिहारु,

पाच महिने. बरोबर मोजलेस. मलाही डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. पहिल्या महिन्यात गेले असते तर आज तुला फोनवर ओरडून ओरडून बेजार केलं असतं, पत्र लिहीत बसले नसते. म्हणून मी येतेय.

हे पत्र आणि मी बहुधा मागेपुढेच पोचू. उद्या पहिल्या गाडीने निघते, अकरा वाजता तुझ्या कंपनीच्या दारात. मला आवाज नाही, पण नाटकाचा पडदा उघडताना वाजवायच्या त्या लाकडी पट्ट्या माझ्याकडे आहेत. तू खाली येईपर्यंत मी स्वागतकक्षात उभी राहून त्या वाजवणार. मुकाट्याने यायचं की साथसंगतीसह, ते तू ठरव.

मलाही भीती वाटतेय. तरी येतेय.

आत्या


टोकियो, १७ मार्च

ती. किनुए आत्यास सा. न. वि. वि.

तू क्योतोला परतल्यापासून खोलीत फार सामसूम आहे. ऑफिसात मात्र अजून तुझीच चर्चा. चार मजले रिकामे झाले होते त्या टकटकीने! स्वागतकक्षातली मुलगी विचारत होती की त्या आजी पुन्हा कधी येणार.

अकरा दिवस सलाईन आणि झोपून राहणं, ते तुला माहीतच आहे. काल पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालचे आणि मधले सूर बरेच वर आलेत. वरचे नाहीत. आता जे आलं ते आलं, वरचे सूर कदाचित येतील, कदाचित नाही, असं म्हणाले. त्या २४ तारखेनंतर आले असते तर हेही सांगता आलं नसतं म्हणे.

शिराइवा-सान खरबूज घेऊन आले होते. डावीकडची बासरी खेळात तशीच राहणार आहे. ती मुद्दाम केली होती का, असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. मग ते म्हणाले की मी स्वतःच्या कानाने एक धून बसवून आणावी, पुढचं नंतर बघू.

ती धून सोबत आहे. बटणावर कागद चिकटवला, आकडा दिसू नये म्हणून, आणि डोळे मिटून बासरी मध्ये आणली. कागद अजून काढलेला नाही, माझी हिंमत नाही. आत्या, तू ऐक. रविवारी सकाळी दहाला फोन करेन. बासरी मध्ये असेल तर एक ठोका, नसेल तर दोन. माझं मन राखायला खोटं ठोकू नकोस.

लोभ धर, आणि चमचा हाताशी ठेव.

चिहारु


क्योतो, २२ मार्च

चि. चिहारु हीस अनेक आशीर्वाद.

फोन ठेवला आणि तशीच लिहायला बसलेय. चहा गार झालाय.

तुझी कॅसेट गुरुवारी आली. तीन दिवस ती चहाच्या डब्याखाली पडून होती. मी तिच्याभोवती झाडलं, पुसलं, पण हात लावला नाही. भुतांच्या सिनेमात आयुष्य गेलं माझं, पण एवढी भीती कशाची वाटली नव्हती. आज पहाटे शेवटी ऐकली. मग हेडफोन उलटे घालून ऐकली, कारण माझेही कान चौसष्ट वर्षांचे आहेत. उलटे घातल्यावर बासरी तेवढीच उलट बाजूला गेली, म्हणजे दोष माझ्या कानांचा नाही. बासरी मध्ये नाही. दोन बोटं डावीकडे आहे. फेब्रुवारीत ती खांद्यामागे होती, आता भुवईपर्यंत आलीय. पण मध्ये नाही.

खोटं ठोकायचा विचार आला होता, कबूल करते. दोनापेक्षा एक ठोका सोपा. दहा वाजता फोन वाजला, तू विचारलंस, आणि मी दोनदा ठोकलं. पण हातच उचलेना. रिसिव्हरला चमचा कसाबसा टेकवला, माझं मला ऐकू आलं नाही इतपत.

मग तू बारीक आवाजात म्हणालीस की दोन म्हणजे नाही. रडू लागलीस. मी काय करणार, माझ्याकडे तिसरा ठोका नाही. फोन ठेवणार एवढ्यात तू रडत रडतच सांगितलंस की रिसिव्हर मुद्दाम डाव्या कानाला लावला होता.

पोरी, ते ठोके किती हळू होते ते मला माहीत आहे. आणि तू दोन मोजलेस.

शिराइवा-सानांना धून देण्याआधी बासरी दोन बोटं उजवीकडे घे. यापुढेही दर कॅसेट आधी माझ्याकडे येऊ दे. लोभ आहे, आणि धाकही आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
किनुए आत्या